धुतलेला पंप

टेंपोखालून दोन पाय बाहेर आले होते. त्या पायांकडे बोट करून समू म्हणाली, "बाबा." नुसतं म्हणून थांबली नाही, कडेवरून घसरत खाली उतरायला निघाली. कर्जतच्या बाजारात भाजीवाल्यांच्या रांगेला लागून तो टेंपो एका अंगाला कलून उभा होता आणि त्याच्याखालचे पाय कुणाचेही असू शकत होते. टाचांना भेगा, निळ्या पँटीचे दुमडलेले पायचे, एका पायातली चप्पल निसटून बाजूला पडलेली. "नाही गं, बाबा कामावर गेलाय," विनिता म्हणाली, पण पोरगी ऐकेना. "बाबा, बाबा" करून तिनं बाजार डोक्यावर घेतला. शेजारी आवळे आणि करांद्याचे कंद मांडून बसलेली भागी तोंडाला पदर लावून हसायला लागली. "गावला गं बापूस पोरीला! घेऊन जा आता. तोलून देऊ का?" आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. विनिताही हसली. पण बाहेर पाहुणे बसलेले असताना आतल्या खोलीत भांडं पडावं आणि उठून बघायलाही जाता येऊ नये, तसं तिला झालं.

कारण समूचं काही चुकलं नव्हतं. साईनाथ चौकच्या पुढे हायवेवरच्या वर्कशॉपला जायला निघे तेव्हा ती झोपलेली असे, आणि तो परत येई तेव्हाही झोपलेली असे. राहता राहिला रविवार. रविवारी तो घरी असायचा, म्हणजे दहिवलीच्या त्यांच्या गल्लीत चार जादा पैशांसाठी कुणाच्या तरी रिक्षाखाली, कुणाच्या तरी जुन्या जीपखाली असायचा. समू उंबऱ्यावर बसून त्याचे पाय बघत राही. मधूनच तो गाडीखालून पायाचा अंगठा हलवून दाखवी आणि पोरगी खदखदून हसे. तिच्या लेखी बाप म्हणजे एवढाच होता, अंगठ्यापासून गुडघ्यापर्यंत. विनितानं हे दर रविवारी पाहिलं होतं आणि तिला ते गोड वाटत आलं होतं. गोड वाटता वाटता ते असं बाजारात, चारचौघांत, दुसऱ्याच माणसाच्या पायांपाशी येऊन उभं राहील हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"कोण गं हाक मारतंय मला?" असं म्हणत पायांचा धनी टेंपोखालून सरपटत बाहेर आला, आणि तो हिरामण निघाला. साईनाथच्याच वर्कशॉपमधला, पावसाळ्याआधी कामावरून काढलेला हिरामण. कपाळावर काळं, दाढी वाढलेली. विनिताला बघून तो धडपडत उभा राहिला आणि पडलेल्या चपलेत पाय सरकवायला लागला.

"वयनी, तुमी! आणि ही समू? केवढी झाली रं बाबा."

"बाबा समजली तुम्हाला, भावजी."

"मंग चांगलाच हाय की. तिचा बाबा चालला मस्कतला, एक हितं ठेवायला होवा." तो हसला, मग त्याला वाटलं असावं की हे जरा जास्त झालं. खिशातून चिक्कीची पुडी काढून त्यानं समूच्या हातात ठेवली. "शुक्रवारचं विमान ना त्याचं? बोलला मला फोनवर. जाऊ दे वयनी, दोन वर्षं अशी जातील." त्यानं चुटकी वाजवली. ग्रीसमुळं ती वाजलीच नाही.

साईनाथ मुळात हळू. जेवायला हळू, बोलायला हळू. लग्नात मंगलाष्टकं संपून लोक टाळ्या वाजवायला लागले तरी हा अंतरपाटाच्या पलीकडे हातातल्या हाराचा पीळ सोडवत उभा होता. वर्कशॉपमध्ये त्याला बैलगाडी म्हणत. आणि हळू माणसाला वॉरंटीचं काम म्हणजे शिक्षाच. नवी गाडी बिघडली की दुरुस्ती कंपनीच्या खर्चानं, गिऱ्हाईक खूश. पण कंपनीनं एकेका कामाला वेळ बांधून दिलेला असतो आणि कारागिराच्या हाताची किंमत त्या बांधल्या वेळापुरतीच. बिघाड नेमका कुठं आहे ते शोधण्यात अर्धा दिवस गेला तरी तो कुठंच धरत नाहीत; जसं काही तेवढा वेळ माणूस गाडीखाली झोपा काढत होता. तेच काम गिऱ्हाईक स्वतःच्या पैशानं करून घेत असेल तर लागेल तेवढा वेळ मोजून मिळतो. त्यामुळं वॉरंटीची गाडी आत आली की सगळे चहाला जात आणि ती साईनाथच्या वाट्याला येई, कारण साईनाथ चहा पीत नसे. हे त्यानंच एकदा तिला सांगितलं होतं, आणि दोघं पोट धरून हसले होते. तेव्हा समू पोटात होती. हसताना पोट असं दुखलं की साईनाथ घाबरून चूळ भरायचं पाणी घेऊन आला, प्यायचं आणायच्या ऐवजी.

मग कायद्याची गोष्ट निघाली. हिरामणनंच आणली ती. वॉरंटीच्या कामालाही गिऱ्हाईकाच्या कामाइतकीच मजुरी मिळावी, बिघाड शोधायचा वेळसुद्धा धरावा, असा कायदा करायचं घाटत होतं. त्याचा मसुदा करणारी समिती अलिबागला बसून कारागिरांचं म्हणणं ऐकणार होती. त्या दिवसांत साईनाथ घरी बोलायला लागला होता. जेवताना घास हातात धरून बोलायचा. "कायदा झाला ना, तर रविवार आपला. समूला घेऊन कडावला जायचं, आईकडं. नदीवर न्यायचं तिला." विनिता म्हणायची, "आधी जेवा, कायदा थंड होतोय." पण तिलाही रविवार दिसायला लागला होता: भात झोडून झालेलं खळं, सासूबाईंनी पेंढ्यावर टाकलेली गोधडी आणि गोधडीवर एक अख्खा माणूस, पायांपासून डोक्यापर्यंत, पोटावर पोर घेऊन पडलेला. माणसाला एवढ्याशा गोष्टीची तहान लागते.

"खरं सांगू वयनी," हिरामण पान्यानं स्वतःची पाठ खाजवत म्हणाला, "मला राग नाय आता. तवा लय आलावता. तुमच्या हाताला पण काय जादू हाय! असा चकचकीत पंप मी कंपनीच्या खोक्यातसुदा बघितला नाय." आणि तो मोठ्यानं हसला. जुनी, पचलेली गोष्ट आठवून माणूस हसतो तसं.

"कुठला पंप?" असं म्हणता म्हणताच तिला पंप आठवला.

"आता कुठला म्हंजे? अलिबागचा. कंपनीच्या वकिलानं उचलला की नाय हातात, सगळ्यांना फिरवून दाखवला, म्हणतो कसा, हा तर दुकानाच्या काचेत ठेवायचा दिसतोय. आणि आमचा बैलगाडी..." हिरामण तिच्या तोंडाकडे बघून थांबला. पाना खाली आला. "म्हंजे... बोलला नाय तो तुमाला?"

भागी आवळ्यांवर पाणी शिंपडत होती, तिचाही हात थांबला. विनिता म्हणाली, "बोलले थोडं. तुम्ही सांगा ना नीट." स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणा बाईचा वाटला, बँकेत खिडकीपाशी बोलतात तसा.

तो पंप. मुठीत मावेल न मावेल एवढा, इंजिनात पाणी फिरवायचा. एका नव्या गाडीतलं पाणी दर महिन्याला थोडं थोडं कमी व्हायचं आणि गळती काही सापडायची नाही. साईनाथनं ती शोधली होती. दांड्यापाशी इंजिनातल्या गुलाबी पाण्याची केसाएवढी रेघ, सुकून कडक झालेली, आजूबाजूला काळा मळ. कंपनीनं पंप बदलायचा वेळ दिला, शोधायचा दिला नाही. समितीनं म्हटलं होतं की एखादा दाखला आणा, म्हणून हिरामणनं भंगारात निघालेला तो पंप स्टोअरवाल्याकडून मागून घेतला आणि साईनाथनं जपून, कागदात गुंडाळून घरी आणला. ती रेघ बघा, मग कळेल एवढीशी गोष्ट शोधायला माणसाला किती लागतं. असं तो समितीला सांगणार होता. पण विनिताला त्यानं रेघेचं काही सांगितलं नव्हतं. "उद्या हे साहेब लोकांना दाखवायचं," एवढंच म्हणून त्यानं पुडकं खिडकीत ठेवलं आणि अंघोळीला गेला, अंघोळीवरून जेवायला, जेवणावरून झोपायला.

सकाळी लवकर समू पिऊन पुन्हा झोपली होती. हातात तेवढाच वेळ, पोर उठेपर्यंतचा, कुणाचाच नसलेला. विनितानं पुडकं उघडलं आणि तिला लाजच वाटली. असली घाण वस्तू साहेबांच्या टेबलावर ठेवायची? खालापूरला तिच्या माहेरी शेजाऱ्याचं भांडं परत करतानासुद्धा ते घासून, आत चिमूटभर साखर तरी घालून देत. तिनं जुना टूथब्रश घेतला. रॉकेलनं मळ काढला, मग लिंबाची फोड घेऊन घासत बसली. दांड्यापाशी एक रेघ काही केल्या निघेना. ती तिनं हेअरपिनच्या टोकानं खरवडून काढली. किती समाधान झालं होतं ती निघाल्यावर! बोटांना दिवसभर लिंबाचा वास होता. ब्लाऊजपिसाच्या उरलेल्या तुकड्यात पंप गुंडाळून तिनं तो पिशवीत घालून दिला. साईनाथनं निघताना तुकडा सोडून बघितला. बराच वेळ बघितला, पण तो सगळंच बराच वेळ बघायचा. मग म्हणाला, "छान केलंस."

बाजारातून ती कशी निघाली ते तिला नीट आठवेना. कोथिंबीर घेतली होती, मिरच्या राहिल्या. पुलावर वारा होता. खाली उल्हास नदीचं पाणी ओसरून दगड उघडे पडले होते आणि त्यावर कुणीतरी साड्या वाळत घातल्या होत्या. समू चिक्की चोखत तिच्या खांद्यावर चिकट लाळ गाळत होती आणि हिरामणचं बोलणं तिच्या कानांत तुकड्या-तुकड्यांनी पुन्हा सुरू होत होतं. समितीच्या बाईंनी विचारलं, हा धुतला कुणी? हिरामणनं साईनाथला कोपरानं ढोसलं. बोल, बायकोनं धुतला म्हण, काल घाण होता म्हण, मी बघितलाय, स्टोअरवाल्यानं बघितलाय, सगळे हसतील आणि पुढं सरकतील. आणि साईनाथ उभा राहून म्हणाला, "मी." का धुतलात? "घाण होता म्हणून." लोक हसलेच. वकील म्हणाला, पुरावा जो स्वतःच्या हातानं धुऊन टाकतो, त्याला शोधायला वेळ लागला हे आम्ही कशावरून मानायचं? बाईंनी पुन्हा विचारलं, नक्की तुम्हीच का? तो म्हणाला, "मीच."

"बाहेर आल्यावर समुद्राजवळ मी त्याला असा झाडला ना वयनी, गळपट्टी धरली. नाव घ्यायला काय झालंवतं रं तुला? तर म्हणतो, तिचं नाव त्या कागदावर नको. त्या लोकांच्या तोंडात नको. तिनं हौसेनं धुतलाय."

पुलाच्या मध्यावर ती थांबली. मागून रिक्षावाला "बाजूला व्हा बाई" म्हणून गेला. हौसेनं. कायद्याचा सुधारलेला मसुदा गणपतीच्या आधी आला, आणि त्यात बिघाड शोधायच्या वेळाचं कलम नव्हतं; असा वेळ मोजता येत नाही, पुरावा मिळाला नाही, असं काहीसं कारण दिलं होतं. तिनं ते मोबाईलवर वाचलं तेव्हा ती रागानं त्या समितीला, वकिलांना, न बघितलेल्या माणसांना शिव्या घालत होती, आणि साईनाथ समूचे लंगोट घडी करत बसला होता. घडीवर घडी. "जाऊ दे," तो म्हणाला. दुसऱ्या आठवड्यात तो पनवेलला एजंटकडे गेला. मस्कतच्या वर्कशॉपला माणसं हवी होती.

कदाचित पंपाचा काही संबंध नसेल. हिरामण पण म्हणाला शेवटी, "त्यांचं आधीच ठरलेलं असतंय वयनी, तुमी मनाला लावू नका. घाण पंप नेला असता तर म्हणाले असते, दुसऱ्या गाडीचाच आणलाय." हे खरं असेल. हे खरं असण्याची शक्यताच जास्त. पण ते आता कुणाला कधीच कळायचं नाही, आणि जे कळायचं नाही ते आयुष्यभर उशाशी घेऊन झोपायचं. रेघ आठवत होती तिला. हेअरपिनच्या टोकाला आलेला गुलाबी चुरा तिनं फुंकर मारून उडवला होता.

पण या सगळ्यापेक्षा तिला दुसरंच टोचत होतं. अलिबागहून त्या संध्याकाळी तो पांढऱ्या कांद्यांची माळ घेऊन आला होता, वेणीसारखी गुंफलेली, हातभर लांब. तिनं ती दारातच हातात घेतली आणि म्हणाली, "म्हणजे काम झालं!" तो चपला काढत म्हणाला, "झालं." ती माळ स्वयंपाकघरात टांगली गेली. रोज एक कांदा ती मोठ्या मानानं सोडवी, जेवताना फोडून त्याला देई, तो खाई. पुढं गौरीला माहेरची माणसं जेवायला आली होती आणि तिची आई वाढता वाढता सगळ्यांना सांगत होती, "आमच्या विनीनं पंप असा लख्ख करून दिला ना, साहेब बघतच राहिले. होय की नाय हो जावईबापू?" आणि साईनाथ वरणभात कालवत म्हणाला, "हो, बघतच राहिले." सगळ्या पंगतीत. तेव्हा तिला अभिमान वाटला होता आणि आपल्या अभिमानाची लाज वाटून ती पापड आणायला आत गेली होती. मसुदा येऊन गेला होता तोवर. मस्कतचं ठरलं होतं. आणि तो माणूस मान खाली घालून वरणभात कालवत होता.

किती महिने हे गाठोडं त्यानं एकट्यानं घरात वागवलं होतं, तिच्या डोळ्यांदेखत, आणि तिला कधी पायातही आलं नाही. आता त्याचे गप्प बसण्याचे सगळे प्रसंग तिच्यासमोर एकेक करून वळून बघायला लागले. दिव्याचा खटका बंद केल्यावर तो जागा आहे हे तिला श्वासावरून कळायचं. तिला वाटायचं, कंबर दुखत असेल. घरात नवी वस्तू आली की ती पुसायला तो तिच्याआधी उठायचा. तिला वाटायचं, आता शिकला थोडं. तिनं त्याच्या गप्प बसण्याला आपल्या सोयीची नावं दिली होती. आई म्हणायची, हळू माणूस चांगला, मनात काही ठेवत नाही. कुठल्या तोंडानं म्हणायची ती!

घरी येऊन तिनं समूला खाली ठेवलं आणि ओट्याशी नुसती उभी राहिली. खोलीच्या कोपऱ्यात त्याची बॅग उघडी होती. तिनंच भरत आणलेली: दोन पँटी, मेतकुटाची बरणी, सासूबाईंनी दिलेला अंगारा. मस्कत हा शब्द तिला इतके दिवस एजंटसारखा, विमानासारखा, समितीसारखा बाहेरचा वाटत होता. आज तो घरातला झाला. तो आल्याबरोबर पाय धरावेत असं वाटत होतं. म्हणावं, मी केलं, माझं नाव का नाही घेतलंत, माझ्या नावाला असं काय सोनं लागलंय? ओरडावं, रडावं, त्यालाही रडू द्यावं, आणि मग दोघांनी मिळून हे वागवावं. तिनं मनात वाक्यं जुळवली, मोडली. तांदूळ निवडता निवडता बोटं थांबत होती. समू बॅगेत शिरून मेतकुटाची बरणी हलवत बसली होती.

आणि मग सगळी वाक्यं जुळल्यावर तिला त्याचं तोंड दिसलं. ती हे बोलेल तेव्हाचं त्याचं तोंड. आपण सगळं घालवून एवढं एकच राखलं होतं आणि तेही राहिलं नाही, हे कळलेलं तोंड. ते घेऊन तो विमानात बसेल. तिकडे कुठल्या तरी भिंतीला पाठ लावून रात्री ते आठवेल. तिला मोकळं व्हायचं होतं, पण त्या मोकळेपणाचं ओझं पुन्हा त्याच्याच डोक्यावर जाणार होतं. तिनं तांदूळ धुतले. पाणी पांढरं झालं, तिनं ते ओतलं, पुन्हा घेतलं.

तो दिवेलागणीला आला. वर्कशॉपचा शेवटचा दिवस, लवकर सोडलं. समू जागी होती, हा आठवड्यातला चमत्कार, पण ती त्याला बघून विनिताच्या पदराआड गेली. तो ओशाळून हसला. हात-पाय धुऊन पाटावर बसला. विनितानं भाकरी वाढली, वालाची उसळ वाढली. तो हळूहळू जेवत होता. बाहेर कुणाच्या तरी टीव्हीवर जाहिरात चालली होती. भाकरीचा शेवटचा तुकडा हातात घेऊन, तिच्याकडे न बघता तो म्हणाला,

"हिरामण भेटलावता म्हणे तुला आज. बाजारात."

"हो. टेंपोखाली होते."

"फोन आलावता त्याचा." तुकडा ताटात तसाच. "काय बोलला?"

"काय नाय. समूला चिक्की दिली."

"आणि?"

"आणि काय? तुम्ही तिकडे नीट जेवत जा म्हणाले."

साईनाथनं मान वर केली. तिच्याकडे बघितलं, बराच वेळ. तिनं डोळे हलू दिले नाहीत. चुलीवरून आत्ताच उतरवल्यासारखे तिचे गाल तापले होते, तरी तिनं नजर काढली नाही. त्याच्या तोंडावर काहीतरी आलं, ओठांपाशी येऊन थांबलं. विनितानं पातेल्यावरची झाकणी काढली. वाफ दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"भात वाढू?" तिनं विचारलं.

त्यानं ताटात राहिलेला भाकरीचा तुकडा तोंडात टाकला. मग त्यानं ताट पुढं केलं.